फरशीखाली वीज की पाणी? इंग्लंडातल्या घरासाठी निर्णय कसा घ्यावा

स्वयंपाकघर मागच्या बाजूला वाढवायचं ठरलं, बिल्डरही ठरला, की इंग्लंडातल्या आपल्या मराठी घरांत पुढचा प्रश्न हमखास फरशीखालच्या हीटिंगचा येतो. विजेचं बरं की पाण्याचं? इमारतींच्या हीटिंगची आखणी करणं हा माझा व्यवसाय आहे. शिवाय रेडिंगमधल्या आमच्या १९३०च्या दशकातल्या सेमी-डिटॅच्ड घरात दोन्ही प्रकार आहेत. वरच्या बाथरूममध्ये विजेची जाळी, खाली वाढवलेल्या स्वयंपाकघरात पाण्याच्या नळ्या. माझं मत ठाम आहे: निर्णय घराचा घ्यायचा नसतो, एकेका खोलीचा घ्यायचा असतो. खोलीतून उष्णता किती निसटते, ती दिवसाचे किती तास उबदार हवी आणि तिथल्या जमिनीची उंची किती वाढवता येते, हे तीन आकडे हातात आले की उत्तर बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. हे आकडे नसताना मागवलेलं कोटेशन म्हणजे विकणाऱ्याकडे जे शिल्लक आहे त्याचं कोटेशन.

आधी खोलीचा हिशेब

फरशी किती गरम करता येते याला मर्यादा आहे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये पाळलं जाणारं ईएन १२६४ हे मानक सांगतं की वावराच्या खोलीत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये, बाथरूममध्ये ३३ अंशांच्या वर नको. लाकडी जमीन बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या २७ अंशांवरच थांबायला सांगतात. फरशी खोलीच्या हवेपेक्षा जितके अंश जास्त गरम, तितके दर अंशाला चौरस मीटरमागे साधारण १० ते ११ वॅट खोलीला मिळतात. म्हणजे खोली २० अंशांवर आणि फरशी २९वर असेल तर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट. याच्या पुढे तुम्ही जाऊ शकत नाही, मग खाली वीज असो की पाणी.

म्हणून "२०० वॅटची जाळी घेतली की दुप्पट ऊब" हे दुकानातलं बोलणं मनावर घेऊ नका. जास्त वॅटची जाळी फरशीला लवकर तापवते, पण मर्यादा गाठली की थर्मोस्टॅट तिला बंद करतो. खोलीला मिळते ती ऊब तेवढीच.

आमच्या स्वयंपाकघराचं उदाहरण देते. क्षेत्रफळ २८ चौरस मीटर. बाहेर उणे ३ अंश असताना आत २० ठेवायचे तर भिंती, काचा, छत आणि हवेची ये-जा धरून १,५४० वॅट लागतात. कपाटं आणि मधला ओटा वजा केला की उघडी फरशी उरते २१ चौरस मीटर. १,५४० भागिले २१ म्हणजे चौरस मीटरला ७३ वॅट. त्यासाठी फरशी २७ अंशांच्या आसपास हवी. मर्यादेत बसतं, त्यामुळे तिथे रेडिएटरची गरज नाही. पुढच्या दिवाणखान्याचा हिशेब मात्र ११० वॅटवर गेला. जुनी एकेरी विटांची भिंत आणि पुढे आलेली मोठी खिडकी! तिथे फरशीखाली काहीही घातलं तरी कडाक्याच्या थंडीत ते एकटं पुरलं नसतं. तिथे आम्ही आधी भिंतीला आतून इन्सुलेशन लावलं, रेडिएटर ठेवला आणि फरशीखालच्या हीटिंगचा विचार सोडून दिला.

हा हिशेब करून मागायला अजिबात संकोचू नका. "रूम बाय रूम हीट लॉस कॅल्क्युलेशन" एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं. त्यात भागाकार उघड्या फरशीने केलेला आहे की पूर्ण क्षेत्रफळाने, ते जरूर बघा. पूर्ण क्षेत्रफळाने भागलं की आकडा गोंडस दिसतो आणि जानेवारीत पाय गार पडतात.

वीज कुठे शोभते

विजेची जाळी म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची केबल, नायलॉनच्या जाळीवर नागमोडी चिकटवलेली. फरशी चिकटवण्याच्या अॅढेसिव्हमध्येच ती बसते. खाली ६ किंवा १० मिलिमीटरचे इन्सुलेशन बोर्ड घातले तरी जमीन फारशी वर येत नाही, दार कापावं लागत नाही, उंबरठा तयार होत नाही. हे बोर्ड वाचवू नका. खाली उघडा काँक्रीटचा कोबा असेल तर बोर्डाशिवाय अर्धी उष्णता कोबाच खातो, आणि अर्ध्या-पाऊण तासात तापणारी फरशी दोन-तीन तास घेते.

आमच्या बाथरूमची उघडी फरशी ३ चौरस मीटर आहे. चौरस मीटरला १५० वॅटची जाळी, म्हणजे एकूण ४५० वॅट. सकाळी दोन तास आणि रात्री दीड तास ती सलग चालू राहिली असं धरलं, तरी दिवसाला सुमारे १.६ युनिट (किलोवॅट-तास). इथला घरगुती विजेचा दर अलीकडे युनिटला २६ पेन्सच्या आसपास आहे, म्हणजे दिवसाला ४० पेन्स. नोव्हेंबर ते मार्चचे दीडशे दिवस धरले तर वर्षाला ६० पौंड, आणि थर्मोस्टॅट मधेमधे बंद करत असल्यामुळे खरा खर्च त्याहून कमीच. एवढ्यासाठी बाथरूमपर्यंत पाण्याच्या नळ्या नेणं, पंप बसवणं, जमीन उचलणं मला पटत नाही. सासूबाई सांगलीहून हिवाळ्यात येतात तेव्हा सकाळी आंघोळीनंतर त्यांचा पाय गार फरशीवर पडू नये, एवढंच त्या खोलीकडून मागणं आहे, आणि ते वीज चोख पुरवते.

तेव्हा लहान खोली, ठरावीक थोडे तास आणि चालू घरात केलेलं काम, या तिन्ही गोष्टी जुळल्या की वीज घ्या. बसवणंही स्वस्त पडतं आणि दोन-तीन दिवसांत उरकतं.

मोठ्या खोलीचा खर्च

आता तीच वीज स्वयंपाकघराला लावून बघू. १,५४० वॅट हा सर्वांत थंड दिवसाचा आकडा. पूर्ण हंगामाची सरासरी साधारण ६०० वॅट धरली आणि हीटिंगचे १८० दिवस धरले, तर वर्षाला सुमारे २,६०० युनिट उष्णता लागते. विजेच्या जाळीने ती दिली तर २६ पेन्सने जवळजवळ ६७५ पौंड. ९० टक्के कार्यक्षमतेच्या गॅस बॉयलरने दिली तर २,८९० युनिट गॅस, युनिटला सव्वासहा पेन्सने सुमारे १८० पौंड. हीट पंपाने, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर आत आणणाऱ्या यंत्राने, दिली आणि तो एका युनिट विजेतून साडेतीन युनिट उष्णता देत असेल, तर ७४५ युनिट वीज, म्हणजे १९५ पौंडांच्या आत. दर बदलतील, तुमच्या घराचे आकडे वेगळे असतील, पण इंग्लंडात वीज गॅसच्या चौपट महाग आहे तोवर मोठी खोली थेट विजेवर तापवणं परवडत नाही. वर्षाला पाचशे पौंडांच्या फरकात नळ्यांचा जादा खर्च काही वर्षांत निघतो.

यावर दोन प्रश्न येतात. पहिला, छतावर सोलर पॅनेल आहेत, मग? इथे डिसेंबरात दिवस आठ तासांचा असतो आणि सूर्य क्षितिजालगतच फिरतो. ज्या महिन्यांत फरशी तापवायची त्याच महिन्यांत पॅनेल सर्वांत कमी देतात. दुसरा, रात्रीचा स्वस्त दर घेऊन जाड कोबा तापवून ठेवला तर? ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात बांधलेल्या अनेक फ्लॅटमध्ये हेच होतं: कोब्यात केबल, रात्री स्वस्त विजेवर तापवणं. सकाळी घर गरजेपेक्षा गरम, आणि संध्याकाळी माणसं घरी यायच्या वेळेला ऊब ओसरलेली. आज इन्सुलेशन चांगलं असल्यामुळे हे जरा बरं चालेल, पण ज्याला पूर्ण दिवस एकसारखी ऊब हवी त्याने यावर भिस्त ठेवू नये.

पाणी कुठे शोभतं

पाण्याच्या व्यवस्थेत १६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या नळ्या साधारण १५० मिलिमीटर अंतराने फिरवतात आणि त्यांच्यावर कोबा ओततात. १५० मिलिमीटर अंतर म्हणजे चौरस मीटरला पावणेसात मीटर नळी. आमच्या २१ चौरस मीटरला १४० मीटर लागली आणि मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे सगळे फेरे जिथून निघतात त्या जोडापर्यंत, जाण्या-येण्याची वेगळी. एक फेरा १०० मीटरच्या पुढे नेत नाहीत, पंपाला पाणी ढकलणं जड जातं. म्हणून दोन फेरे केले. मॅनिफोल्ड जिन्याखालच्या कपाटात आहे.

पाण्याचा खरा फायदा त्याच्या कमी तापमानात आहे. रेडिएटरला ६०-७० अंशांचं पाणी लागायचं, फरशीला ३५ ते ४५ अंश पुरतं. हीट पंपाला पाणी जितकं कमी तापवावं लागतं तितका तो कमी वीज खातो. गॅस बॉयलरलाही परतीचं पाणी थंड मिळालं की धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवता येते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनीही जून २०२२ पासून नवी किंवा पूर्ण बदललेली पाण्याची हीटिंग व्यवस्था जास्तीत जास्त ५५ अंशांच्या पाण्यावर चालेल अशी आखायला सांगितलं आहे. आज गॅस असला तरी पुढे हीट पंप येईल असं वाटत असेल, तर जमीन उकरलेली असतानाच नळ्या घालून ठेवा. इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपाला सध्या ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे. ते पंपाला मिळतं, पण कमी तापमानावर चालणारी नळ्यांची जमीन घरात असेल तर पंपाचा जास्त चांगला उपयोग होतो.

अडचण उंचीची. आमच्याकडे नवं बांधकाम होतं, पाया खणलेलाच होता. खडी, काँक्रीट, ओल अडवणारा पडदा, १०० मिलिमीटर फोम इन्सुलेशन, नळ्या, त्यावर वाळू-सिमेंटचा ६५ मिलिमीटर कोबा आणि फरशी, हे सगळं खाली मावलं. जुन्या पक्क्या जमिनीवर हे करायचं तर कोबा फोडावा लागतो. १५ ते २० मिलिमीटरमध्ये बसणारे कमी उंचीचे बोर्डही मिळतात, त्यांत नळीसाठी खाचा असतात. ते महाग आहेत, आणि त्यांच्याखाली इन्सुलेशन नसेल तर मला ते सुचवावेसे वाटत नाहीत. तळाशी इन्सुलेशन नसलेली पाण्याची जमीन म्हणजे मातीला दिलेली उष्णता.

व्हिक्टोरियन किंवा १९३०च्या घरांत पुढच्या खोल्यांची जमीन बहुधा लाकडी तुळयांवर असते. तिथे तुळयांच्या मध्ये इन्सुलेशन, त्यावर अॅल्युमिनियमचे खाचेदार पत्रे आणि त्यांत नळ्या असं करता येतं. उंची अजिबात वाढत नाही. मात्र कोब्याइतकी उष्णता मिळत नाही, त्यामुळे अशा खोलीचा हिशेब आधी दोनदा तपासून घ्या. आणि नळीसाठी तुळईला खाच पाडणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. किती खोल आणि कुठे खाच चालते याचे नियम आहेत, आणि तुळई घराचा भार पेलत असते.

वागण्यातला फरकही समजून घ्या. विजेची जाळी पातळ पत्र्याच्या तव्यासारखी, लगेच तापते, लगेच निवते. कोबा बिडाच्या तव्यासारखा. त्याला तापायला तीन-चार तास लागतात आणि बंद केल्यावरही तो बराच वेळ ऊब देत राहतो. म्हणून पाण्याची जमीन चालू-बंद करत बसायचं नाही. रात्री दोन-तीन अंश खाली आणायचे, बस्स. दोघंही दिवसभर ऑफिसात आणि खोलीत वावर फक्त रात्री आठ ते दहा, असं घर असेल तर कोब्याचा स्वभाव तुम्हाला जुळणार नाही.

आपल्या घरात जमिनीवर काय काय असतं

हा मुद्दा इथल्या माहितीपत्रकांत पुसट अक्षरांत असतो, पण आपल्यासाठी तो फार महत्त्वाचा आहे. आपण जमीन वापरतो. पाहुणे आले की गाद्या घालतो, पूजेला पाट आणि सतरंजी मांडतो, देवघर जमिनीलगत ठेवतो, तांदळाची गोणी कोपऱ्यात उभी करतो.

विजेच्या केबलचा स्वभाव असा की ती ठरलेले वॅट देतच राहते. वरून उष्णता निसटली नाही तर तापमान चढत जातं. केबलवर जाड गादी घातली की तिच्याखाली उष्णता कोंडते. थर्मोस्टॅटचा सेन्सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर त्याला याचा पत्ताच नसतो. फरशी तडकू शकते, लाकडी जमीन वाकते, केबल जळते, गादी करपू शकते. पाण्याच्या जमिनीत हे होत नाही, कारण नळीत ४० अंशांचं पाणी असेल तर गादीखालचं तापमान ४०च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून जिथे माणसं जमिनीवर झोपणार आहेत त्या खोलीत विजेची जाळी घालू नका, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. घालायचीच असेल तर गादीची जागा आधी ठरवा आणि तेवढा भाग जाळीतून वगळा. देवघराखालची आणि पक्क्या कपाटांखालचीही जागा तशीच सोडायची.

पाण्यातही एक काळजी घ्या. कोठीच्या कपाटाखालून आणि फ्रीजखालून नळ्या नेऊ नका. बटाट्यांना कोंब येतात, पिठात किडे लवकर होतात, फ्रीज उगाच राबतो. इडलीचं पीठ आंबवायला मात्र उबदार फरशीसारखी जागा नाही, इंग्लंडच्या जानेवारीतही ते रात्रीत फुगून येतं.

जमिनीवर गालिचा हवा असेल तर त्याचा आणि खालच्या अंडरलेचा मिळून टॉग आकडा, म्हणजे तो उष्णता किती अडवतो याचं माप, विचारा. पाण्यासाठी २.५ ही वरची मर्यादा समजतात. विजेसाठी तो कमी असू शकतो, जाळी बनवणाऱ्याच्या कागदात नेमका आकडा असतो. फरशी आणि दगड सर्वांत उत्तम. लाकूड आवडत असेल तर भरीव फळ्यांऐवजी थर दाबून केलेलं इंजिनिअर्ड लाकूड घ्या, ते कमी आक्रसतं.

काम चालू असताना तुम्ही काय बघायचं

विजेच्या बाबतीत मल्टीमीटर हेच तुमचं हत्यार. जाळीचा रोध तीनदा मोजायला लावा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि फरशी बसल्यावर. ६०० वॅटच्या जाळीचा रोध २३० व्होल्टला सुमारे ८८ ओहम यायला हवा. आकडा एकदम बदलला तर फरशीवाल्याच्या थापीने केबल दुखावली आहे, आणि ते फरशी बसण्याआधी कळलं तर दुरुस्ती सोपी असते. वळण घेताना जाळी कापतात, केबल कधीही कापत नाहीत, आणि केबलवर केबल येऊ देत नाहीत. फरशीचा सेन्सर छोट्या पाइपमधून दोन केबलच्या मधोमध सरकवा, म्हणजे बिघडला तर ओढून बदलता येतो. शेजारी एक जादा सेन्सर पुरून ठेवला तर आणखी चांगलं. ३० मिलिअँपिअरचं आरसीडी संरक्षण, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारं उपकरण, हवंच. बाथरूमचा थर्मोस्टॅट बाथरूमच्या बाहेर, भिंतीवर बसतो. हे काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियननेच करायचं आणि त्याचं प्रमाणपत्र तुम्ही जपायचं, घर विकताना वकील ते मागतात. अॅढेसिव्ह पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे एक-दोन आठवडे, बटण दाबू नका.

पाण्याच्या बाबतीत नळ्यांत कुठेही जोड नको. प्रत्येक फेरा मॅनिफोल्डपासून निघून तिथेच परत यायला हवा. कोबा ओतण्याआधी ४ ते ६ बार दाबाने तपासणी होते आणि ओतताना दाब तसाच ठेवतात, म्हणजे कुणाच्या बुटाने किंवा फावड्याने नळी फुटली तर काटा लगेच खाली येतो. भिंतीलगत फोमची पट्टी हवी, कोबा तापला की पसरतो. एका ओळखीच्या घरी ही पट्टीच घातली नव्हती आणि पहिल्याच हिवाळ्यात दारापासून चुलीपर्यंत फरशीला भेग गेली.

कोबा सुकायला घाई करू नका. पहिले ५० मिलिमीटर दिवसाला एक मिलिमीटर या गतीने सुकतात, त्यापुढे अर्ध्या गतीने. ६५ मिलिमीटरला ८० दिवस लागतात. बिल्डर म्हणेल हीटिंग लावून सुकवू. वाळू-सिमेंटच्या कोब्याला २१ दिवस होईपर्यंत ते लावायचं नाही, आणि नंतरही आधी तीन दिवस २०-२५ अंशांचं पाणी, मग चार दिवस पूर्ण तापमान, अशा पायऱ्यांनी. तुमच्या कामाच्या वेळापत्रकात हे अडीच-तीन महिने सुरुवातीलाच लिहून घ्या, कारण ओटा आणि कपाटं त्यानंतर येतात.

बिघाडाचं म्हणाल तर विजेचा दोष फरशीखाली असतो, तो शोधायला खास उपकरणं असलेला माणूस लागतो आणि दोन-चार फरश्या उचलाव्या लागतात. पाण्याचा दोष बहुधा पंपात, मिक्सिंग व्हॉल्व्हमध्ये (गरम-गार पाणी मिसळणाऱ्या झडपेत) किंवा मॅनिफोल्डवरच्या मोटरमध्ये निघतो, म्हणजे कपाट उघडलं की हाताशी. म्हणून मॅनिफोल्डचं कपाट सामानाने भरू नका, आणि तिथे प्रत्येक फेऱ्यावर खोलीचं नाव लिहून ठेवा.

कोबा ओतण्याआधी किंवा फरशी बसण्याआधी जमिनीचे फोटो काढायला विसरू नका. भिंतीपासून अंतर कळेल अशी मोजपट्टी फोटोत हवी. दाराला थांबवणारा अडसर बसवायला कुणीतरी ड्रिल घेऊन येतोच. त्याला हे फोटो दाखवून मगच भोक पाडू द्या.